वर जाणं आणि वर राहणं

शुभांशु शुक्ला परतल्यापासून या सदराच्या टपालात आकाशाचेच प्रश्न जास्त असतात. या खेपेची पाचही पत्रं तिकीट काढून अंतराळात जाणाऱ्यांबद्दलची आहेत. शेवटचं पत्र मी तीन वेळा वाचलं. त्याच्या उत्तराला जागाही जास्त दिली आहे.

प्रश्न : आदरणीय बाई, मी नववीत आहे. अंतराळात फिरायला गेलेल्या लोकांचा व्हिडिओ पाहिला. १०० किलोमीटर वर गेल्यावर ते तरंगायला लागले. मग तिथे गुरुत्वाकर्षण संपतं का? यावरून आमच्या वर्गात दोन तट पडलेत.
— एक विद्यार्थी, विटा

उत्तर : नाही रे बाळ, संपत नाही. १०० किलोमीटरवर ते जमिनीवरच्यापेक्षा जेमतेम ३ टक्क्यांनी कमी असतं. अंतराळ स्थानक ४०० किलोमीटरवर फिरतं, तिथेही ते जमिनीवरच्या सुमारे ८८ टक्के असतं. मग माणसं तरंगतात कशी? हे मी सांगण्यापेक्षा तुम्ही दोन्ही तटांनी मिळून करून बघा.

लिटरची प्लास्टिकची बाटली घे. बुडापासून दोन बोटं वर दाभणाने भोक पाड. भोकावर बोट दाबून बाटली पाण्याने भर, झाकण लावू नकोस. बोट काढलंस की धार लागेल, कारण वरचं पाणी खालच्या पाण्याला दाबतं. आता शाळेच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून, खाली कुणी उभं नाही हे बघून, धार चालू असतानाच बाटली सोडून दे. पडताना धार बंद होते. पाणी आणि बाटली एकाच वेगाने पडत असतात, मग पाणी दाबणार कुणाला?

चौतीस वर्षं मी हा प्रयोग दर जूनमध्ये केला. पहिल्या खेपेला कुणालाच काही दिसत नसे, कारण बाटली आदळणार म्हणून सगळी मुलं मागे सरकायची. दुसऱ्या खेपेला दोघा-तिघांना दिसायचं आणि ती ओरडायची. तिसऱ्या खेपेला अख्खा वर्ग ओरडायचा. तो क्षण एका सेकंदाहूनही छोटा असतो. तुमच्याकडे आता मोबाइल आहेत, सावकाश फिरणारा व्हिडिओ घ्या.

यानात होतं ते हेच. जेफ बेझोस यांच्या ब्लू ओरिजिन कंपनीच्या न्यू शेपर्ड यानाचं इंजिन साधारण अडीच मिनिटं जळतं आणि बंद होतं. पुढे यान वर जातच राहतं, पण वर फेकलेल्या चेंडूसारखं, मोकळं. तेव्हापासून दाट हवेत परत शिरेपर्यंत यान आणि आतली माणसं एकत्र पडत असतात, वर जातानासुद्धा. तीन-चार मिनिटांचं तरंगणं ते एवढंच.

आता पुढची पायरी. आमच्या अजिंक्यताऱ्यावरून दगड आडवा फेकला तर तो पायथ्याशी पडेल. जोरात फेकला तर शहरात, आणखी जोरात फेकला तर जिल्ह्याबाहेर. हवा आड येत नाही असं धर आणि वेग वाढवत ने. ताशी सुमारे २८,००० किलोमीटरला दगड पडतच राहतो, पण जमीनही तितकीच वळत गेल्याने तिला कधी टेकत नाही. यालाच कक्षा म्हणतात. नुसतं १०० किलोमीटर वर जाऊन यायला ताशी साडेतीन हजारांच्या आसपासचा वेग पुरतो. या दोहोंत किलोमागे लागणारी ऊर्जा सुमारे ३० पटींनी वेगळी आहे. शिवाय कक्षेतून परतताना ती सगळी उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकावी लागते.

बातम्यांत दोन्हींना 'अंतराळ सहल'च म्हणतात, म्हणून हा फरक पक्का कर. २० जुलै २०२१ ला जेफ बेझोस गेले ते वर जाऊन आले, दहा मिनिटांत खाली. पहिले अंतराळ पर्यटक डेनिस टिटो २८ एप्रिल २००१ ला रशियाच्या सोयुझमधून गेले आणि जवळजवळ आठ दिवस वर राहिले. त्यांनी सुमारे २ कोटी डॉलर मोजल्याचं तेव्हा छापून आलं होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये 'इन्स्पिरेशन ४' या खासगी मोहिमेचे चौघे तीन दिवस कक्षेत फिरले, तेही स्थानकापेक्षा उंचावर, सुमारे ५८५ किलोमीटरवर. त्यांच्यात सरकारी अंतराळवीर एकही नव्हता.

प्रश्न : शुभांशु शुक्ला खासगी कंपनीच्या मोहिमेतून गेले. मग त्यांनाही पर्यटकच म्हणायचं का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : नाही. अ‍ॅक्सिअम-४ मधली ती जागा भारत सरकारने घेतली होती, गगनयानाच्या तयारीसाठी. २५ जून २०२५ ला ते निघाले आणि १५ जुलैला परतले. स्थानकावर त्यांनी भारतीय संस्थांचे प्रयोग केले, त्यात मूग आणि मेथी रुजवण्याचाही एक होता. भारताचे पहिले अंतराळ पर्यटक म्हणजे विजयवाड्यात जन्मलेले वैमानिक गोपीचंद थोटाकुरा. ते १९ मे २०२४ ला न्यू शेपर्डमधून जाऊन आले.

प्रश्न : बाई, सा. न. वि. वि. वय ६७, बँकेतून निवृत्त. मधुमेह आहे, गोळ्यांवर ताब्यात आहे. जमिनीचा मोबदला मिळाला आहे. लहानपणापासूनची इच्छा आहे, हसू नका. या वयात जाता येईल का?
— एक वाचक, बारामती

उत्तर : हसण्यासारखं यात काही नाही. वॉली फंक या अमेरिकी वैमानिक बाईंनी १९६१ मध्ये अंतराळवीरांच्या वैद्यकीय चाचण्या दिल्या आणि त्या उत्तीर्ण झाल्या. पण तेव्हा बायकांना घेतच नव्हते. साठ वर्षं त्या थांबल्या आणि वयाच्या ८२ व्या वर्षी बेझोस यांच्याबरोबर जाऊन आल्या. एड ड्वाइट हे कृष्णवर्णीय वैमानिक १९६० च्या दशकात प्रशिक्षण घेऊनही वगळले गेले. ते थोटाकुरांच्याच यानातून गेले, तेव्हा ९० वर्षांचे होते. जॉन गुडविन यांनी २००५ मध्ये व्हर्जिन गॅलॅक्टिक या कंपनीचं तिकीट काढलं. पुढे त्यांना पार्किन्सन्स झाला, तरी ऑगस्ट २०२३ मध्ये ऐंशीच्या वयात ते गेलेच. म्हणजे नुसत्या वयाने वाट अडत नाही.

अडते ती शरीराच्या तयारीने. ब्लू ओरिजिनने प्रवाशांना घातलेल्या अटींतली एक सांगते : सात जिने दीड मिनिटाच्या आत चढता आले पाहिजेत. ही परीक्षा घरी घ्यायची तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि एकटे असताना चढू नका. दुसरी अट, खुर्चीचा पट्टा पंधरा सेकंदांत स्वतःचा स्वतः लावता आला पाहिजे, कारण तरंगून झाल्यावर खुर्चीत परत बसायला वेळ थोडा असतो. उतरताना काही सेकंद स्वतःच्या वजनाच्या पाचपट भार अंगावर येतो. हृदय आणि डोळ्यांचे पडदे तपासून घ्या. मधुमेहात पडद्यांकडे दुर्लक्ष होतं, हे मी माझ्या आईच्या बाबतीत पाहिलं आहे.

पैशांचंही बघा. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंतच बाहेर पाठवता येतात. व्हर्जिनचं तिकीट अलीकडे सहा लाख डॉलरवर गेलं होतं. तुम्ही बँकेतले, पुढचं गणित मी सांगायला नको.

आणि जमिनीचा सगळा मोबदला यात घालायचा नसेल, तर परदेशात विमानातून वीस-बावीस सेकंद तरंगण्याच्या फेऱ्या मिळतात. वर-खाली झेपावणाऱ्या विमानात तो अनुभव पंधरा वेळा येऊ शकतो. पडणं तेच, वर विट्याच्या मुलाला समजावलं ते.

प्रश्न : एका माणसाच्या दहा मिनिटांच्या हौसेत आमच्या तालुक्यातल्या सगळ्या शाळांची छपरं बदलून होतील. तुम्ही आयुष्यभर शिक्षक होतात. तुम्हाला हे पटतं?
— एक शिक्षक, अक्कलकुवा

उत्तर : सर, तुमच्या शाळांची छपरं आधी व्हावीत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तो पैसा तिकिटातून वाचला तर छपरांवर येईल, असं मी म्हणू शकत नाही. 'इन्स्पिरेशन ४'च्या निमित्ताने लहान मुलांच्या कर्करोगावर उपचार करणाऱ्या रुग्णालयासाठी २० कोटी डॉलरहून जास्त जमले. त्या यानात हेली आर्सेनो होत्या. दहा वर्षांच्या असताना त्यांच्या पायाच्या हाडाचा कर्करोग त्याच रुग्णालयात बरा झाला. पायात धातूची दांडी घेऊन त्या गेल्या. यात माझ्या दृष्टीने मोल आहे.

जे मला पटत नाही तेही लिहिते. 'विमानप्रवासही आधी श्रीमंतांचाच होता, हळूहळू स्वस्त होईल' असं सांगतात. व्हर्जिनचं तिकीट सुरुवातीला २ लाख डॉलर होतं, मग अडीच, साडेचार, सहा. वीस वर्षांत ते चढतच गेलं. स्वस्ताईचं आश्वासन देणाऱ्यांनी हे आकडे आधी समोर ठेवावेत.

दुसरं, हवा सगळ्यांची आहे. व्हर्जिनचं इंजिन रबरासारखं घन इंधन जाळतं, 'इन्स्पिरेशन ४'ला वर नेणारं फाल्कन रॉकेट केरोसिन. त्यांची काजळी स्थितांबरात जाते. तिथे पाऊस पडत नाही, म्हणून ती धुतली जात नाही आणि वर्षानुवर्षं राहते. न्यू शेपर्ड हायड्रोजन जाळतं, मागे वाफ उरते. पण जगातला बहुतेक हायड्रोजन आज नैसर्गिक वायूपासूनच काढतात. उड्डाणं थोडी आहेत तोवर हा भार लहान आहे. ती रोज व्हायला लागण्याआधीच याचे नियम व्हायला हवेत, असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न : बाई, माझा भाचा टेक्सासमध्ये आहे, वय ३६. अंतराळ सहलीसाठी त्याने एका कंपनीकडे पैसे भरले आहेत. त्याची आई, माझी धाकटी बहीण, तेव्हापासून झोपत नाही. तो म्हणतो, मावशी, कंपनी सगळी काळजी घेते. विमानासारखी सरकारची तपासणी होतच असेल ना? तिला मी काय सांगू?
— एक वाचक भगिनी, चिपळूण

उत्तर : ताई, विमानासारखी होत नाही. हे तुम्हाला स्पष्टच सांगायला हवं.

अमेरिकेचं विमान वाहतूक प्रशासन उड्डाणाला परवाना देतं, पण तो खाली जमिनीवर असलेल्या लोकांच्या सुरक्षेसाठी. आत बसणाऱ्या प्रवाशाच्या सुरक्षेचे नियम करायला २००४ च्या कायद्याने त्यांना मनाई आहे. उद्योग नवा आहे, त्याला शिकू द्या, असं त्यामागचं कारण. या मनाईची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली, आता ती १ जानेवारी २०२८ पर्यंत आहे. तोवर प्रवाशाला धोके लेखी कळवायचे आणि त्याची लेखी संमती घ्यायची, एवढंच बंधन. हे यान माणसं नेण्यासाठी सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र सरकारने दिलेलं नाही, हेही लेखी सांगावं लागतं. भाच्याने तो कागद वाचला आहे का?

आजवर तिकीट काढून अंतराळात गेलेला एकही प्रवासी उड्डाणात दगावलेला नाही. हे बहिणीला जरूर सांगा. पण उड्डाणं इतकी थोडी झालीत की त्यावरून छातीठोक काही म्हणता येत नाही.

३१ ऑक्टोबर २०१४ ला व्हर्जिनचं यान चाचणीत मोहावेच्या वाळवंटावर हवेतच तुटलं. या यानाची शेपटी उतरताना वर वळते आणि पिसासारखी वेग रोखून धरते. तिची खिटी ध्वनीच्या १.४ पट वेग गाठल्यावर काढायची होती. सहवैमानिक मायकेल अल्सबरी यांच्या हातून ती काही सेकंद आधी निघाली. हवेच्या जोराने शेपटी वळली आणि यान फाटलं. अल्सबरी गेले. दुसरे वैमानिक बाहेर फेकले गेले आणि पॅराशूटमुळे वाचले. तपास मंडळाने बोट ठेवलं ते रचनेवर : एका माणसाच्या एका चुकीने सगळं संपेल, ही शक्यता बनवणाऱ्यांनी धरलीच नव्हती. त्यानंतर खिटी वेळेआधी निघू नये अशी अडकण बसवली.

याउलट सप्टेंबर २०२२ मध्ये न्यू शेपर्डचं इंजिन बिघडलं, तेव्हा वरची कुपी स्वतःहून सुटली आणि पॅराशूटने खाली आली. आत कुणी नव्हतं, असतं तरी बहुधा वाचलं असतं. थोटाकुरांच्या वेळी तीनपैकी एक पॅराशूट पूर्ण फुललं नाही, तरी कुपी दोनवर नीट उतरली. पुरी तयारी केलेलं यान कसं असतं, ते यात दिसतं.

मी हे एवढं का लिहिते, तेही सांगते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, २९ जानेवारी १९८६ च्या सकाळी, अमेरिकेचं चॅलेंजर यान फुटल्याची बातमी शिक्षक खोलीतल्या रेडिओवर ऐकली. त्यात क्रिस्टा मॅकऑलिफ होत्या, शाळेत शिकवणाऱ्या, ११ हजारांहून जास्त अर्जांतून निवडलेल्या. मी त्यांचा फोटो वर्गात लावला होता. आदल्या रात्री इंजिनिअरांनी थंडीमुळे रॉकेटच्या जोडांमधली रबरी कडी दगा देतील, उड्डाण नको, असं सांगितलं होतं. ती चर्चा यानात बसणाऱ्यांपर्यंत पोचलीच नाही. त्या दिवशी फोटो काढायला माझा हात धजेना. शेवटी सुट्टीत एका मुलीने काढून माझ्या टेबलावर ठेवला.

म्हणून ताई, भाच्याला जाऊ नको म्हणू नका. तो छत्तीस वर्षांचा आहे आणि वरून पृथ्वी बघावी असं वाटणं मला फार सुंदर वाटतं. त्याला विचारा : इंजिन बंद पडलं तर तुला बाहेर काढणारी सोय कोणती, आणि ती खऱ्या उड्डाणात कधी वापरली गेली? शेवटचा बिघाड कधी झाला, त्याचं कारण कंपनीने जाहीर केलं का? मन बदललं तर पैसे परत मिळतात का? आयुर्विमा अशा उड्डाणाला लागू आहे का?

आणि तो संमतीचा कागद त्याने व्हिडिओ कॉलवर आईला मराठीत वाचून दाखवावा. एकेक वाक्य, सावकाश. कुठे सांगता आलं नाही, तर तेवढं कंपनीला विचारून घ्यावं आणि परत फोन करावा.