वाचक विचारतात: इंजिन फुरफुरतं आणि बंद पडतं

प्रश्न: मामांच्या माळ्यावर विमानाच्या मॉडेलचं २.५ सीसीचं जुनं ग्लो इंजिन (ठिणगीऐवजी प्लगमधल्या तापलेल्या तारेने फ्यूल पेटवणारं) सापडलं. कार्ब्युरेटरच्या तोंडात दोन थेंब फ्यूल टाकलं की फुर्रकन सुरू होतं, चारेक सेकंद चालतं आणि बंद. नीडल (फ्यूल कमी-जास्त करणारा सुईसारखा स्क्रू) आत-बाहेर करून बोटं दुखायला लागली. इंजिन गेलंय का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर: नाही हो, गेलेलं इंजिन फुर्रसुद्धा करत नाही. थेंब टाकल्यावर पेटतंय म्हणजे कॉम्प्रेशन आहे, प्लगही तापतोय, फक्त टाकीतलं फ्यूल पोचत नाहीये, आणि ते पोचत नसेल तर नीडल कितीही फिरवा, काय उपयोग? या फ्यूलमध्ये एरंडेल असतं ना, ते वर्षानुवर्षं पडून राहिलं की लाखेसारखं चिकटून बसतं आणि पहिलं बुजतं ते स्प्रे-बारचं, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये फ्यूल सोडणाऱ्या नळीचं, बारीक भोक. नीडल पूर्ण काढा (आधी घट्ट बंद करून किती आटे उघडी होती ते मोजून लिहून ठेवा), रबरी रिंग बाजूला करा आणि धातूचा भाग रात्रभर थिनरमध्ये भिजवा. टाचणी घालू नका, त्या भोकाचं माप बिघडलं तर इंजिन नीट ट्यून होणं अवघड. मग नळीतून फुंकून बघा, हवा सुळकन गेली पाहिजे.

एवढं करूनही तेच, तर टाकी बघा. आतल्या, टोकाला वजन लावलेल्या फ्यूलच्या नळीला तडा गेला असेल तर ती फ्यूलऐवजी हवा ओढते, सायलेन्सरकडून टाकीला येणारी प्रेशरची नळी निसटलेली असते, किंवा टाकीच खाली बसवलेली असते. टाकीची मधली रेघ साधारण नीडलच्या उंचीला हवी. हे सगळं झाल्यावरच नीडलला हात लावा, लोक नेमकं उलटं करतात.

आता ट्यूनिंग. अडीच आटे उघडून सुरू करा, थ्रॉटल पूर्ण उघडा. आवाज जाड, भदभद येईल, एक्झॉस्टमधून तेलकट धूर येईल, म्हणजे फ्यूल जास्त होतंय आणि इंजिन टू-स्ट्रोक असूनही एक सोडून एक फेरीलाच पेट घेतंय. आता नीडल एकेक टिकटिक (फिरवताना लागणारा एकेक खटका) बंद करत जा, आवाज एकदम फाटून चढा आणि सलग होतो, अजून थोडं पुढे गेलं की टॉप, म्हणजे सर्वांत जास्त वेग, येतो. तिथे थांबायचं नाही! आवाज जेमतेम खाली येईल इतकी नीडल परत उघडायची, कारण विमान नाक वर करून चढायला लागलं की टाकीतून फ्यूल ओढायला इंजिनाला जास्त जोर लागतो, आणि टॉपला लावलेलं इंजिन तिथेच लीन होऊन (फ्यूल कमी पडून) तापून बसतं. खात्रीसाठी फ्यूलची नळी क्षणभर चिमटीत दाबून सोडा: आवाज जरासा चढून परत आला तर बरोबर, लगेच बसला तर लीन आहे. हे करताना प्रॉपच्या (पुढच्या पंख्याच्या) मागे उभे राहा, बाजूला तर अजिबात नाही, आणि प्रॉपला बोटाऐवजी काठीने फिरवा.

प्रश्न: ग्लो प्लगला बॅटरी लावलेली असते तोवर मस्त चालतं, बॅटरी काढली की आरपीएम उतरतो. बॅटरी लावूनच उडवू का? – धनकवडी

उत्तर: नको. ग्लो प्लगमधल्या प्लॅटिनमच्या तारेला दीड व्होल्ट फक्त सुरुवातीला हवे असतात, नंतर मिथेनॉलची वाफ आणि प्लॅटिनम यांच्या रासायनिक क्रियेने आणि सिलिंडरमधल्या उष्णतेने तार आपोआप लाल राहते. आरपीएम उतरतोय म्हणजे एकतर फ्यूल जास्त होतंय किंवा प्लग म्हातारा झालाय. प्लग बदलून बघा, तेच स्वस्त. कारची १२ व्होल्टची बॅटरी मात्र थेट लावू नका, तार एका क्षणात जळते.

प्रश्न: मुंबईत मैदानावर ट्यून करून आणलेलं इंजिन इथे रिच (फ्यूल जास्त होत असल्यासारखं) वाटतं, मनाचा खेळ का? – पिंपरी

उत्तर: मनाचा नाही, हवेचा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, हवा पातळ, म्हणून इथे नीडल एक-दोन टिकटिक बंद करावी लागते. डिसेंबरच्या सकाळी उलटं, थंड हवा दाट असते, थोडी उघडावी लागते. रोज उड्डाणाआधी नव्याने ऐकायचं, कालचे आटे आज चालतीलच असं नाही.

प्रश्न: मुलगा घरात फ्यूलचा कॅन आणून ठेवतोय, काळजी वाटते. – एक आई, सातारा रोड

उत्तर: काळजी बरोबर आहे. त्यातलं मिथेनॉल विषारी, पोटात गेलं तर दृष्टी किंवा जीव जाऊ शकतो, कातडीतूनही शरीरात जातं, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही! कॅन स्वयंपाकघरापासून लांब, कुलपात, ठळक नाव लिहून ठेवा, पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवायचं तर नावच काढू देऊ नका. झाकण घट्ट हवं, मिथेनॉल हवेतला ओलावा पितं, पावसाळ्यात अर्धवट कॅन उघडा राहिला की फ्यूल वाया. इंजिन गॅलरीत सुरू करू देऊ नका, सोसायटीचं सोडा, प्रॉपचा तुकडा तुटून उडाला तर काय. आणि संध्याकाळी घरी आल्यावर टाकी रिकामी करून इंजिनात आफ्टर-रन तेलाचे (वापरानंतर गंज रोखायला टाकायच्या तेलाचे) चार थेंब टाकायला लावा, नाहीतर ओलाव्याने बेअरिंगला गंज धरतो आणि पुढच्या वेळी तो तुमच्याकडेच पैसे मागेल.