मॉरिशससारख्या छोट्या देशात तीन मोबाईल कंपन्या कशा तगतात? चौथी आली तर दर उतरतील का?

चौथ्या कंपनीने दर फारसे उतरणार नाहीत. आहेत त्या तिघींतली धाकटी आजवर तगली, हेच मुळात नवल आहे.

आधी आकारमान बघा. मुख्य बेट १,८६५ चौरस किलोमीटरचं, म्हणजे बृहन्मुंबईच्या साधारण तिप्पट. माणसं मात्र साडेबारा लाखांच्या घरात, मुंबईच्या जेमतेम दहावा हिस्सा. टॉवर माणसं मोजून लावता येत नाहीत, जमीन बघून लावावे लागतात. त्यात मधे डोंगर, त्यांच्या आड सिग्नल पडत नाही. किनाऱ्यावर काही ठिकाणी वस्ती विरळ, पण हॉटेलं तिथेच, त्यामुळे तिथेही टॉवर हवाच. शिवाय हा चक्रीवादळांचा पट्टा. खांब तेवढा वारा सोसणारा हवा आणि वीज गेली की चालायला बॅटरी आणि डिझेल जनरेटर हवा.

हिशेब समजण्यापुरते आकडे धरू (हे माझे, कुठल्या कंपनीचे नव्हेत). ३०० टॉवर, प्रत्येकी भाडं, वीज, देखभाल मिळून महिना ६०,००० रुपये, म्हणजे एकूण १ कोटी ८० लाख. ग्राहक सहा लाख असतील तर डोक्यावर ३० रुपये पडतात. एक लाख असतील तर १८०. धाकट्या कंपनीने दर निम्मे केले तर ग्राहक दुप्पट झाले तरी उत्पन्न तेवढंच राहतं आणि नेटवर्कवरचा भार तेवढा वाढतो. छोट्या देशात दरयुद्ध पेटून लगेच विझतं ते यामुळे.

आता खेळाडू. एमटेल ही खासगी कंपनी १९८९ साली सुरू झाली. भारतात मोबाईलवरून पहिला कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला, म्हणजे हे चिमुकलं बेट आपल्या सहा वर्षं पुढे होतं! मॉरिशस टेलिकॉम या सरकारी कंपनीची मोबाईल सेवा, सेलप्लस, १९९६ मध्ये आली. तोवर घरचे फोन सरकारी कंपनीकडे आणि मोबाईल एकट्या खासगी कंपनीकडे, अशी वाटणी होती. २००० मध्ये फ्रान्स टेलिकॉमने मॉरिशस टेलिकॉमचे ४० टक्के घेतले आणि २००३ पासून बाजार खुला झाला. त्यानंतर आलेली तिसरी कंपनी मुंबईकरांच्या चांगल्या ओळखीची आहे: महानगर टेलिफोन मॉरिशस लिमिटेड, आपल्या एमटीएनएलची उपकंपनी. तिकडे ‘चिली’ या नावाने ती सिम विकते. म्हणजे तिघींतली एक तिथल्या सरकारशी बांधलेली, एक भारत सरकारच्या कंपनीची आणि उरलेली एकच पूर्ण खासगी. ‘खुली स्पर्धा’ म्हणताना एवढं ध्यानात असू द्यावं.

या तिसरीची सुरुवात शिकण्यासारखी आहे. तिने आधी परदेशी कॉलवर भर दिला. नातेवाईक फ्रान्स, ब्रिटनमध्ये असलेल्या देशात ते बरोबरच होतं. त्यासाठी गावोगाव टॉवर लागत नाहीत, कॉल परदेशात पोचवून देण्याचा स्वस्त करार लागतो. पण मोबाईलसाठी तिने बहुतेक जगात चालणाऱ्या जीएसएम पद्धतीऐवजी सीडीएमए हे वेगळं तंत्र घेतलं. त्या पद्धतीचा हँडसेट बहुधा कंपनीकडूनच घ्यावा लागे, एकाचं सिम काढून दुसऱ्यात घालायची सोय नसे आणि युरोपातून आलेल्या पर्यटकाचा जीएसएम फोन त्यावर चालत नसे. वर्षाला तेरा-चौदा लाख पर्यटक येतात, म्हणजे रहिवाशांपेक्षा जास्त. त्यांच्या रोमिंगचा पैसा आपोआप दुसऱ्या दोघींकडे गेला. पुढे जीएसएमकडे यावंच लागलं. आणि परदेशी कॉलचं उत्पन्न नंतर व्हॉट्सॲपने सगळ्यांचंच खाल्लं.

नव्या कंपनीचा गळा आवळला जातो तो आणखी एका जागी, आंतरजोडणी शुल्कात. कॉल ज्या नेटवर्कवर उतरतो त्या कंपनीला कॉल करणाऱ्याच्या कंपनीने मिनिटामागे पैसे द्यायचे. तुमचे ग्राहक १० टक्के असतील आणि लोक सरसकट कोणालाही फोन करतात असं धरलं, तर तुमचे दहापैकी नऊ कॉल बाहेर जातात. मोठ्या कंपनीचे पाच-सहा आतच राहतात. शुल्क १ रुपया ठेवून मोठीने स्वतःच्या नेटवर्कमधला कॉल ६० पैशांना दिला की धाकटीला तो दर जवळपास प्रत्येक कॉलवर तोट्यात पडतो. कायद्याने यात काहीच बेकायदा दिसत नाही. उपाय एकच, नियामकाने हे शुल्क प्रत्यक्ष खर्चाजवळ आणणं. ग्राहकांनी आपला उपाय शोधलाच: दोन सिम. तिथली जोडण्यांची संख्या लोकसंख्येच्या दीडपटीहून जास्त दिसते ती यातूनही. तिला ‘वाढ’ समजून लायसन्स घ्यायला धावू नये.

सगळ्यात अरुंद दार मात्र समुद्रात आहे. २००२ मध्ये सेफ ही समुद्राखालची इंटरनेट केबल आली. ती दक्षिण आफ्रिकेकडून रियुनियन, मॉरिशस, पुढे कोची आणि पेनांगला जाते आणि मॉरिशसमध्ये बे जाकोते इथे किनाऱ्याला लागते. मॉरिशस टेलिकॉम ती केबल टाकणाऱ्या कंपन्यांच्या गटाची सभासद होती, बाकीच्यांना बाहेरची क्षमता (देशाबाहेर डेटा नेण्याची सोय) मुख्यतः तिच्याकडूनच घ्यावी लागे. प्रतिस्पर्ध्याकडून कच्चा माल घेऊन त्याच्याशीच स्वस्ताईची शर्यत लावायची, हे जमणार कसं? दुकानं कितीही वाढवा, घाऊक व्यापारी एकच असेल तर भाव तोच ठरवतो. लायन केबल आली, पण तिच्यातही मॉरिशस टेलिकॉमच होती. खरा फरक पडला तो २०२१ मध्ये मेटिस केबलने. तिच्या गटात एमटेल आहे आणि वीज मंडळाची सीईबी फायबरनेटही. माझ्या मते ग्राहकाच्या दृष्टीने ही घटना चौथ्या मोबाईल लायसन्सपेक्षा मोठी.

केबलइतकंच महत्त्वाचं, पण कोणी विचारत नाही असं काम म्हणजे बेटावरची अदलाबदल. दोन कंपन्यांनी आपलं इंटरनेट देशातल्या एक्स्चेंजवर (जिथे कंपन्या एकमेकींना डेटा थेट देतात) जोडलं नाही, तर पोर्ट लुईहून वीसेक किलोमीटरवरच्या क्युरपिपला जाणारा डेटा आफ्रिका किंवा युरोपचा फेरा मारून येतो. फायबरमध्ये हजार किलोमीटरला एका दिशेने ५ मिलिसेकंद लागतात. दहा हजार किलोमीटरवर वळून आला तर जाऊन-येऊन १०० मिलिसेकंद नुसते वाटेत गेले आणि महागडी केबल भरली ती वेगळीच. व्हिडिओ कंपन्यांचे कॅशे सर्व्हर (लोक नेहमी बघतात त्या व्हिडिओंच्या प्रती साठवणारी यंत्रं) बेटावरच बसवले तर हा भार पुष्कळ हलका होतो.

मॉरिशसच्याच रॉड्रिग्स बेटाचं वेगळं सांगायला हवं. मुख्य बेटापासून पाच-सहाशे किलोमीटर, वस्ती चाळीस-पंचेचाळीस हजार. तिथे २०१९ मध्ये सुमारे ७०० किलोमीटरची मार्स केबल पोचली, तोवर सगळं उपग्रहावर. एवढ्या ग्राहकांवर दुसरी केबल कुठलाही व्यापारी टाकणार नाही. तिथे दुसऱ्या कंपनीला त्याच केबलवर ठरलेल्या दराने जागा मिळते का, एवढीच स्पर्धा शक्य आहे.

तेव्हा चौथ्या कंपनीची बातमी आली की आधी तीन कागद मागा: तिला टॉवर भाड्याने मिळणार का, आंतरजोडणी शुल्क किती, आणि बाहेरची क्षमता कोणाकडून, किती वर्षांच्या करारावर. तिसऱ्याचं उत्तर ‘प्रतिस्पर्ध्याकडून, वर्षावर्षाने’ असं असेल, तर नव्या सिमचे पहिले सहा महिने ऑफर खुशाल घ्या, पण जुना नंबर बंद करू नका.