परदेशी फोटोग्राफी कार्यशाळेचा अर्ज भरताना

मित्रा, सगळ्यात जास्त वेळ फोटो निवडण्यात घाल. पंधरा-वीस मागितले असतील, तर ते एकाच विषयाचे हवेत: बेळगावातल्या वडगाव-शहापूरचे विणकरांचे माग किंवा निपाणीचा तंबाखू. लग्नाचे, सूर्यास्ताचे सुटे फोटो मिसळले की परीक्षकांना तुझी नजर कळतच नाही, आणि चांगला अर्जही मागे पडतो. फाइल एसआरजीबीतच (पडद्यांसाठीच्या नेहमीच्या रंगपद्धतीत) ठेव, नाहीतर त्यांच्या पडद्यावर रंग फिके दिसतात. कॅप्शनमध्ये गाव, तारीख, चाललेलं काम लिही.

कंबोडियातल्या अंकोर कार्यशाळेत आशियाई नवोदितांना शिकवणी फी नसते, पण प्रवास-मुक्काम आपला. म्हणून अनुदान मागताना विमान, व्हिसा, विमा, बेळगावहून विमानतळापर्यंतचं भाडं वेगवेगळं दाखव. नुसता गोल आकडा कुणाला पटत नाही. पासपोर्ट आत्ताच काढ, प्रवासानंतरही सहा महिने मुदत उरायला हवी.