रशियात भाषा शिकायला गेल्यावर रोजचं आयुष्य कसं असतं? इंग्रजीवर भागतं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही भागत. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कचेरीच्या बाहेर पाऊल टाकलं की इंग्रजी संपलं.

मी २०१८ च्या सप्टेंबरात त्वेरला गेले, दहा महिन्यांसाठी. मॉस्को-पीटर्सबर्ग रेल्वेमार्गावरचं, व्होल्गाकाठचं हे शहर. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये दोन वर्षं रशियन केलं होतं, त्यामुळे गाठीशी व्याकरण भरपूर, पण कान कच्चे. पहिल्याच दिवशी दुकानात बिल करणाऱ्या बाईने मान वर न करता विचारलं, "पाक्येत नूझेन?" मी घाबरून पर्स घट्ट धरली. हिला माझं पाकीट कशाला हवंय? मागच्या आजोबांनी हातातली पिशवी हलवून दाखवली तेव्हा कळलं की 'पाक्येत' म्हणजे पिशवी, आणि ती पाहिजे का एवढंच ती विचारत होती. हे वाक्य तुम्हाला रोज ऐकू येईल, आताच पाठ करा.

वर्गाला तिथे 'पारा' म्हणतात, दीड तासाचा एक. आम्हाला दिवसाला दोन-तीन असायचे, पहिला साडेआठला. डिसेंबरात सूर्य नऊच्या सुमारास उगवतो आणि दिवस जेमतेम सात तासांचा, म्हणजे काळोखात वर्गात जायचं आणि दुपारी चारच्या सुमारास पुन्हा काळोख. मला थंडीपेक्षा हा काळोख जास्त जड गेला. थंडीचं एवढं काही नाही, घरात हीटर इतके तापलेले असतात की लोक हिवाळ्यात खिडकीची छोटी झडप उघडून बसतात. बाहेर उणे पंधरा परवडलं, पण शून्याच्या आसपास वितळून पुन्हा गोठलेला फुटपाथ नको. सारवलेल्या ओल्या अंगणातून चालावं तसं चालायचं. मी दोनदा सपाटून आपटले.

भाषेच्या बाबतीत मराठी माणसाला थोडी सवलत आहे, हे कुणी सांगत नाही. रशियनमध्ये सहा विभक्त्या आणि तीन लिंगं. नपुंसकलिंग आपल्याला नवीन नाही. भूतकाळात 'मी गेलो' आणि 'मी गेले' हा फरक त्यांच्याकडेही आहे. 'चमचा'मधला च ज्याला जमतो त्याला त्यांचं एक अख्खं अक्षर फुकट मिळतं. शिक्षकांना सर-मॅडम नाही, स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव जोडून हाक मारतात. माझ्या बाबांच्या नावाला 'ओव्ना' लावून आमच्या बाईंनी मला हाक मारली तेव्हा वर्गात मीच एकटी होते जिला ते विचित्र वाटलं नाही.

आपण अडकतो ते जाण्या-येण्याच्या क्रियापदांत. पायी जाणं वेगळं, वाहनाने जाणं वेगळं. शनिवारी मॉस्कोला जाणार असं सांगताना मी पायी जाण्याचं क्रियापद वापरलं. बाईंनी गंभीरपणे विचारलं, "चालत?" अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. आमच्याकडे लोक याहून लांब, आळंदीहून पंढरपूरला, चालत जातात हे सांगायला मला पुढचा अर्धा तास आणि निम्मा शब्दकोश लागला. त्या दिवशी मी खरं रशियन बोलले.

आणि खऱ्या शिक्षिका म्हणाल तर गार्देरोबच्या मावशी. प्रत्येक इमारतीत शिरलं की कोट तिथे जमा करायचा, बिल्ला घ्यायचा; कोट घालून वर्गात बसलेलं चालत नाही. माझ्या पुण्यातून नेलेल्या जाकिटाला कॉलरच्या आत हुकाला अडकवायचा फासा नव्हता. मावशींनी ते दोन बोटांत धरून मागच्या सगळ्या रांगेला दाखवलं आणि जे सुरू झाल्या! मला त्यातला एकच शब्द कळला, 'प्येत्येल्का', कारण तो त्यांनी सहा वेळा म्हटला. रात्री जुन्या नाडीचा तुकडा शिवून टाकला. सकाळी त्यांनी तो ओढून पाहिला, "नॉर्माल्ना" म्हणाल्या आणि बिल्ला दिला. पुढे मला ताप आला तेव्हा रास्पबेरीचा मुरंबा चहातून घे असं बजावणाऱ्याही त्याच. त्यांचं बोलणं कठोर वाटतं, पण मनावर घेऊ नका. रशियात अनोळखी माणसाला बघून कुणी उगाच हसत नाही.

जेवणाचं म्हणाल, तर शेपू आवडत नसेल तर अवघड आहे. सूपवर, बटाट्यावर, काकडीवर, सगळीकडे शेपू. होस्टेलमध्ये मजल्याला एक स्वयंपाकघर असतं. रवा 'मान्का' नावाने मिळतो, म्हणून उपमा-शिरा होतो. बाजारात उझबेक विक्रेत्यांकडे जिरं मिळतं, आणि त्याचं नावही 'झिरा'च. पोहे आणि हिंग मात्र न्यायला हवेत (हिंगाच्या फोडणीनंतर शेजारची मुलगी गॅस गळतोय का बघायला आली होती). त्वेरमध्ये मेडिकलची भारतीय मुलं बरीच आहेत, रविवारी त्यांच्याकडे वरणभात मिळायचा. पण राहायला त्यांच्यात जाऊ नका, वर्ष हिंदीतच जाईल.

व्होल्गाच्या काठावर अफनासी निकितीनचा पुतळा आहे, १९५५ सालचा. पंधराव्या शतकात हा त्वेरचा व्यापारी चौलला उतरला आणि ऐन पावसाळ्यात जुन्नरला अडकला. तिथल्या खानाने त्याचा घोडाही काढून घेतला होता. घरची आठवण आली की मी तिथे जायचे. नदी गोठलेली, तिच्यावर भोक पाडून मासे पकडत बसलेले लोक, आणि चौल पाहिलेला हा एकच माणूस.

आता कामाचं. मार्च २०२२ पासून व्हिसा-मास्टरकार्डची बाहेरची कार्डं रशियात चालत नाहीत, त्यामुळे सुरुवातीचे पैसे डॉलर किंवा युरोच्या नोटांत न्या आणि तिथे गेल्यावर स्थानिक कार्ड काढा. विमानतळावर मिळणारा मायग्रेशन कार्डाचा कागद पासपोर्टात जपा, होस्टेलच्या नोंदणीला लागतो. जाकीट मात्र तिथेच घ्या. इथूनच नेणार असाल तर फासा बघून घ्या.