सुरक्षेचं पुस्तक घेण्याआधी

औरंगपुऱ्यात सॉफ्टवेअर सुरक्षेचं पुस्तक चाळत होतास तेव्हा फोटो पाठवलास, बरं केलंस. ते घेऊ नकोस. अशा पुस्तकात आधी पासवर्ड साठवण्याचं प्रकरण उघडायचं. तिथं एमडी५ किंवा शा-१ (पासवर्डचं न उलटवता येणारं रूप बनवायच्या जुन्या, फार जलद पद्धती) पुरेसं आहे असं लिहिलेलं असेल तर खाली ठेव. आर्गॉन२, बीक्रिप्ट या खास पासवर्डसाठीच्या पद्धती आणि सॉल्ट (प्रत्येक पासवर्डला जोडायचा वेगळा यादृच्छिक मजकूर) यांची नावं दिसली, आणि या पद्धती मुद्दाम संथ का ठेवतात ते समजावलं असेल, तर पुढं वाच.

दुसरी खूण मला जास्त महत्त्वाची वाटते. नुसतं हल्ला कसा करायचा हे दाखवणारी पुस्तकं ढीगभर आहेत, पण तुला कोड लिहायचाय. मोंढ्यातल्या एका आडतीच्या दुकानासाठी मी बिलिंगचं सॉफ्टवेअर केलं होतं. लॉगिनच्या क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आदेशात, वापरकर्त्याचं नाव सरळ जोडून टाकलं होतं. एका अवतरणचिन्हानं कुणीही आत शिरलं असतं. पॅरामीटरची क्वेरी (वापरकर्त्याचा मजकूर आदेशात न मिसळता वेगळा देणारी) कशी लिहायची, हे चुकीच्या आणि दुरुस्त कोडसकट दाखवणारं पुस्तक तेव्हा हाताशी हवं होतं.

पैसे घालवण्याआधी ओवास्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेची मोठ्या धोक्यांची टॉप टेन यादी आणि चीटशीट (थोडक्यात सूचना) वाच, फुकट आहेत. मग रॉस अँडरसन यांचं ‘सिक्युरिटी इंजिनिअरिंग’ घे, पण २०२० ची तिसरी आवृत्तीच. जाडजूड आहे, सलग वाचायला जाऊ नकोस; पासवर्डचा भाग आणि अ‍ॅक्सेस कंट्रोलचं (कुणाला काय करू द्यायचं याचं) प्रकरण यांपासून सुरुवात कर. अडलास तर रविवारी फोन कर, मी परभणीतच आहे.