विंडोज ११ वर जाताना मध्येच वीज गेली आणि संगणक सुरू होत नाही : फॉरमॅट करण्याआधी काय करावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. विंडोज १० असलेल्या डेस्कटॉपवर ११ चे अपग्रेड चालू होते, एक रीस्टार्ट होऊन टक्केवारी साठीच्या घरात गेली असताना लाइट गेली, आणि आता बटण दाबले की ‘प्रिपेरिंग ऑटोमॅटिक रिपेअर’ एवढी अक्षरे दिसून संगणक निळ्या स्क्रीनवर अडकतो. दुकानदार फॉरमॅट करावे लागेल म्हणतो, आणि टॅलीचा हिशेब व घरचे फोटो सी ड्राइव्हवरच आहेत.

फॉरमॅट करू देऊ नका, निदान डेटा बाहेर काढेपर्यंत तरी नाही. संगणक दुरुस्तीच्या कामात मी असे अनेक संगणक हाताळले आहेत, आणि माझे स्पष्ट मत असे की अपग्रेड फसल्यामुळे डेटा क्वचितच जातो. तो जातो त्यानंतरच्या घाईमुळे.

याचे कारण अपग्रेडच्या पद्धतीतच आहे. विंडोजचे सेटअप जुन्या विंडोजवर नवे विंडोज लिहीत नाही. ते नव्या प्रणालीच्या फाइली आधी एका लपलेल्या फोल्डरमध्ये उतरवते, मग रीस्टार्टनंतर जुने विंडोज, प्रोग्राम आणि युजर्स ही फोल्डरे ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये सरकवते, आणि शेवटी तुमच्या फाइली नव्या जागी आणून लावते. वीज नेमकी या टप्प्यावर गेली, तर घर बदलताना अर्धे सामान जुन्या घरात, अर्धे टेम्पोत अशी अवस्था होते. सामान हरवलेले नसते, फक्त कोणते कुठे आहे याचा पत्ता चुकलेला असतो. म्हणूनच युजर्सचे फोल्डर उघडल्यावर रिकामे दिसले तरी छातीत धस्स होऊ देऊ नका. आधी ‘विंडोज डॉट ओल्ड’ उघडून त्यातले युजर्स पाहा.

त्याहीआधी दोन मिनिटांचे एक काम करा, जे बहुतेक लोक करत नाहीत. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जा आणि तारीख पाहा. तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, म्हणजे ‘सीआर २०३२’, संपला आहे असे समजावे. हा सेल संपलेला असला तरी भिंतीवरचा स्विच चालू असेपर्यंत काही जाणवत नाही; वीज गेली की मात्र बायोसच्या सेटिंग्ज कारखान्यातल्या मूळ स्थितीला जातात. मग डिस्कशी बोलण्याची पद्धत एएचसीआयऐवजी रेड (RAID) होऊ शकते किंवा बूटची, म्हणजे संगणक सुरू होण्याची, पद्धत नव्या यूईएफआयऐवजी जुनी लेगसी होऊ शकते, आणि विंडोजला आपलीच डिस्क सापडत नाही. निळ्या स्क्रीनवर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे लिहिलेले असेल तर हा संशय आणखी पक्का होतो. सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो. तो बदलून सेटिंग्ज पूर्वीसारख्या केल्यावर, काहीही दुरुस्त न करता संगणक सरळ चालू झाल्याची उदाहरणे आहेत. अपग्रेडच्या अटी पुऱ्या करण्यासाठी कोणी तुमच्याकडे सिक्युअर बूट (खात्रीची प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) किंवा सीएसएम (जुन्या लेगसी पद्धतीने सुरू होऊ देणारी सोय) यांचे सेटिंग बदलले असेल, तर तेही आठवून पाहा. विभागांची नोंद जुन्या एमबीआर पद्धतीने ठेवलेली डिस्क असताना सीएसएम बंद केले की संगणक डिस्कवरून सुरूच होत नाही.

बायोस ठीक असेल तर प्रिंटर, डोंगल, बाहेरची डिस्क असे सगळे काढून केवळ कीबोर्ड, माउस आणि मॉनिटर ठेवा, आणि संगणक एकदा सुरू करून शांतपणे सोडून द्या. सेटअपला मागे फिरण्याची सोय असते. ‘रिस्टोअरिंग युवर प्रीव्हियस व्हर्जन ऑफ विंडोज’ असे काही दिसू लागले, तर एसएसडी नसलेल्या संगणकावर त्याला काही तासही लागू शकतात, आणि कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा लुकलुकत असेपर्यंत बटण दाबून ते तोडणे हा सर्वात वाईट निर्णय ठरेल. इन्व्हर्टर असेल तर त्यावरच जोडा. डेस्कटॉपच्या साध्या यूपीएसवर भिस्त ठेवू नका. तो तुम्हाला संगणक नीट बंद करण्यापुरताच वेळ देतो.

मागे फिरले नाही, तर आता डेटा काढायचा. दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून ‘मीडिया क्रिएशन टूल’ उतरवून किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोजचे इन्स्टॉलेशन तयार करा. हे टूल पेन ड्राइव्ह पूर्ण पुसते, त्यामुळे तो रिकामाच घ्या, आणि डेटा ठेवायला दुसरी डिस्क हाताशी ठेवा. त्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू केल्यावर ‘इन्स्टॉल’च्या मागे न लागता ‘रिपेअर’चा पर्याय निवडा, तेथून ट्रबलशूट आणि मग कमांड प्रॉम्प्ट. काळ्या खिडकीत नोटपॅड असे टाइप करून एंटर दाबा. नोटपॅडच्या फाइल मेनूतले ‘ओपन’ उघडा आणि खाली ‘टेक्स्ट’ऐवजी ‘ऑल फाइल्स’ निवडा. आता तुमच्यासमोर सगळे ड्राइव्ह दिसतात, आणि फोल्डरवर उजवी क्लिक करून कॉपी आणि दुसऱ्या डिस्कवर पेस्ट करता येते. येथे प्रगतीची हिरवी पट्टी दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते. तरी हात लावू नका, कॉपी चालू असते. ड्राइव्हची अक्षरेही येथे वेगळी असू शकतात, रोजचा सी कदाचित डी म्हणून दिसेल, आणि ‘एक्स’ नावाचा जो ड्राइव्ह दिसतो तो तुमचा नाही, तो दुरुस्तीच्या वातावरणाचा आहे. ड्राइव्ह उघडताना ४८ अंकी किल्ली मागितली, तर बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्ह कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू आहे. ती किल्ली बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. सुट्या भागांतून जुळवलेल्या डेस्कटॉपवर ही वेळ सहसा येत नाही.

उबुंटू या मोफत प्रणालीच्या लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणाऱ्या, पेन ड्राइव्हवरूनही हे काम होते, आणि लांबच्या कॉपीसाठी मला तीच पद्धत अधिक आवडते. मात्र वीज जाऊन बंद पडलेला विंडोजचा ड्राइव्ह ते कधी फक्त वाचण्यापुरता उघडते, कधी उघडतच नाही. फक्त वाचता येणे पुरेसे आहे. जबरदस्तीने उघडण्याचे उपाय इंटरनेटवर सापडतील, ते येथे करू नयेत.

काय काय उचलायचे याबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण चूक येथेच होते. लोक डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स घेतात आणि समाधानाने पुढे जातात. टॅलीप्राइमचा डेटा मात्र, जागा बदललेली नसेल तर, युजर्समधल्या ‘पब्लिक’ फोल्डरमध्ये, त्यातल्या टॅलीप्राइममध्ये असतो. तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये तो शोधून मिळणार नाही. प्रत्येक कंपनीचे आकडी नावाचे एक फोल्डर असते, ते सगळे घ्या. श्रीलिपी किंवा आयएसएमसारख्या जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटांत टंकलेला मजकूर असेल, तर विंडोजमधले फाँट्सचे फोल्डरही घ्या, नाहीतर फाइल हाती येईल आणि उघडल्यावर इंग्रजी अक्षरचिन्हांची खिचडी दिसेल. आउटलुकच्या मेलची फाइल, ब्राउझरमधले बुकमार्क्स आणि डाउनलोड्समध्ये पडून राहिलेली आधार-पॅनची स्कॅन हीदेखील लक्षात ठेवा.

कॉपी करताना डिस्कमधून कटकट आवाज आला किंवा एकेक फाइल मिनिट मिनिट घेऊ लागली, तर प्रश्न अपग्रेडचा राहिलेला नाही, डिस्कच चालली आहे. अशा डिस्कवर चेक-डिस्क, म्हणजे डिस्क तपासून दुरुस्त करणारी विंडोजची आज्ञा, चालवू नये. जे महत्त्वाचे ते आधी काढावे आणि बाकीचे डेटा रिकव्हरीवाल्यांवर सोडावे.

डेटा सुरक्षित झाला की दुरुस्ती निर्धास्तपणे करता येते. त्याच ट्रबलशूटच्या यादीत आधी ‘स्टार्टअप रिपेअर’ आणि मग आधीच्या आवृत्तीकडे परत जाण्याचा पर्याय करून पाहा. दुसरा पर्याय ‘विंडोज डॉट ओल्ड’ शाबूत असेल तरच चालतो, आणि पेन ड्राइव्हवरून सुरू केल्यास तो दिसेलच असे नाही. बूटची नोंद, म्हणजे विंडोज कोठून सुरू करायचे ते संगणकाला सांगणारी नोंद, बिघडली असल्याची शंका असेल, तर अनेक जण कमांड प्रॉम्प्टमधल्या ‘बूटरेक’च्या आज्ञा सुचवतात. यूईएफआय पद्धतीच्या संगणकावर त्यातली ‘फिक्सबूट’ बहुतेक वेळा ‘अ‍ॅक्सेस इज डिनाइड’ म्हणून परत येते, त्यापेक्षा ‘बीसीडीबूट’ बरी. डिस्कपार्ट या डिस्कचे विभाग हाताळणाऱ्या आज्ञेने फॅट-३२ प्रकारच्या, साधारण १०० एमबीच्या छोट्या विभागाला एक मोकळे अक्षर द्यायचे, आणि विंडोजचे फोल्डर कोठे आहे व तो छोटा विभाग कोणता एवढे बीसीडीबूटला सांगायचे; नोंद ती नव्याने लिहिते. डिस्कपार्टमध्ये ‘क्लीन’ हा शब्द चुकूनही टाइप करू नका, पूर्ण डिस्कचे विभाग त्या एका शब्दाने पुसले जातात.

हे करूनही जमले नाही, तर नवे इन्स्टॉलेशन करावे, पण फॉरमॅट न करता. सेटअपमध्ये ‘कस्टम’ निवडून जुन्याच विभागावर बोट ठेवायचे, त्याच्या शेजारच्या ‘फॉरमॅट’ आणि ‘डिलीट’ला हात लावायचा नाही. त्या विभागावर आधीचे विंडोज आहे असा इशारा येतो आणि जुने सगळे ‘विंडोज डॉट ओल्ड’मध्ये जाते. अर्धवट अपग्रेडचे असे एक फोल्डर आधीच तेथे असेल, तर त्यातले सगळे बाहेर कॉपी झाल्याशिवाय ही पायरी घेऊ नका. प्रोग्राम पुन्हा टाकावे लागतात. परवान्याची काळजी नको. डिजिटल परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो, पूर्वी होती तीच होम किंवा प्रो आवृत्ती निवडली आणि इंटरनेट मिळाले की तो आपोआप लागू होतो.

११ ऐवजी पुन्हा १० वर राहायचा मोह होईल. त्या आवृत्तीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, त्यामुळे हिशेबाच्या संगणकासाठी मी ते सुचवणार नाही. दुसऱ्या खेपेला सी ड्राइव्हवर तीसेक जीबी जागा मोकळी करा, बाहेरचे अँटिव्हायरस काढून टाका आणि मदरबोर्डच्या उत्पादकाकडून ड्रायव्हर अद्ययावत करून घ्या. ‘०एक्स-सी-१९००१०१’ने सुरू होणारा एरर कोड आला, तर तो बहुधा ड्रायव्हरचाच असतो, आणि मायक्रोसॉफ्टचे ‘सेटअपडायग’ हे मोफत साधन लॉग, म्हणजे सेटअपने ठेवलेल्या नोंदी, वाचून नेमके काय अडले ते सांगते.

अपग्रेड पार पडल्यावर ‘विंडोज डॉट ओल्ड’ १० दिवसांनी आपोआप पुसले जाते. त्या मुदतीत टॅली उघडून प्रत्येक कंपनीचा ताळेबंद तपासा, फोटोंची काही जुनी फोल्डरे उघडून पाहा, आणि राहिलेले काही आढळले तर तेथून लगेच बाहेर कॉपी करा.