'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' आलं म्हणून रॅम बदलू नका

दादा, तुम्ही घरच्या नव्या लॅपटॉपवर जेंटू (प्रोग्रॅम आपल्याच यंत्रावर सोर्समधून बांधायची लिनक्स) बांधलं, डिस्क वाचनालयाच्या जुन्या यंत्रात लावली, आता काही प्रोग्रॅम चालतात, काही 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून मरतात, आणि नांदेडचा दुकानदार रॅम बदला म्हणतोय. तुमची पोस्ट वाचली आणि 2018 चा माझा लातूरचा उन्हाळा आठवला. पैसे घालायच्या आधी डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) 'इनव्हॅलिड ओपकोड', म्हणजे प्रोसेसरला न कळणारी सूचना, दिसतंय का तेवढं बघा. दिसलं तर दोष बहुधा रॅमचा नाही, नव्या प्रोसेसरसाठी बांधलेलं जुन्याला कळत नाही एवढंच.

माझ्याकडे चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह होता. एका संस्थेच्या लॅबमधल्या बारा यंत्रांसाठी मी घरी बांधणी करून डिस्कच्या प्रती काढणार होतो. '-मार्च' म्हणजे कोणत्या प्रोसेसरसाठी बांधायचं ते कंपायलरला (सोर्समधून प्रोग्रॅम बनवणाऱ्याला) सांगणारा पर्याय; '-मार्च=नेटिव्ह' दिलं की कंपायलर ज्या यंत्रावर चालतो त्याचाच प्रोसेसर धरतो, हे माहीत होतं. म्हणून लॅबच्या यंत्रांचा प्रोसेसर बघायला गेलो, तर कार्यालय आत सोडेना. पहिल्या चकरेला "अर्ज द्या", दुसऱ्या चकरेला "साहेब औरंगाबादला गेलेत", तिसऱ्या चकरेला "समदे फोर्थ जनरेशनच हायत, सारखेच". पाच मिनिटं दार उघडलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं, याचा राग अजून आहे.

शेवटी लॅबमधल्या मुलाला फोनवर कमांड सांगितली आणि '-मार्च' ची ओळ वाचायला लावली. तो म्हणाला, "हॅसवेल." म्हणजे इंटेलची चौथी पिढी. माझाही हॅसवेलच. मी मेक-डॉट-कॉन्फमध्ये (जेंटूच्या बांधणीच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये) तेच लिहिलं आणि तिथंच बुडालो.

ती यंत्रं पेंटियम जी-3220 ची निघाली. पिढी हॅसवेलची, सॉकेटही तोच, पण प्रोसेसरच्या ज्या जादा सूचना असतात त्यांतलं त्या पेंटियममध्ये एव्हीएक्स नाही, एव्हीएक्स-2 नाही, एफएमए नाही, बीएमआय नाही. कंपायलर हॅसवेल हे नाव सांगतो आणि खाली हे सगळं बंद असल्याचंही दाखवतो. मी नाव तेवढं ऐकलं, खालची यादी वाचून घेतली नाही.

लॅबमध्ये लॉगिन आलं, एलएस चाललं, पायथन मेला. स्टेज-3 मधून (जेंटूच्या तयार बांधलेल्या मूळ संचातून) आलेलं जे जसंच्या तसं राहिलं होतं ते चालत होतं, मी बांधलेलं मरत होतं. कंपायलरही मीच नव्याने बांधलेला, म्हणून जागेवर दुरुस्तीही होईना. लाइव्ह यूएसबीवरून सी-एच-रूट करूनही (डिस्कवरच्या सिस्टिममध्ये शिरूनही) उपयोग नाही, कारण प्रोसेसर तोच. बारा डिस्का पिशवीत घालून घरी आणल्या आणि '-मार्च=नेहेलेम' (हॅसवेलच्या आधीची, एव्हीएक्स वगैरे नसलेली पिढी) देऊन सगळं पुन्हा बांधलं. त्यात लोडशेडिंग. जीसीसी, म्हणजे तो कंपायलर, अर्ध्यावर आला की लाइट जायची.

तुम्ही डिस्क परत लॅपटॉपला लावा. जीसीसी 11 पासून 'एक्स86-64-व्ही2' हा पर्याय आहे, तो '-मार्च' ला द्या. मात्र वाचनालयाचं यंत्र कोअर 2 ड्युओ असेल तर त्यात व्ही2 ला लागणाऱ्या एसएसई 4.2 च्या सूचना नसतात, मग नुसतं 'एक्स86-64'. त्यानंतर 'इमर्ज -ई @वर्ल्ड', म्हणजे सगळं पुन्हा बांधणं. आणि सीपीयू-फ्लॅग्ज-एक्स86 (प्रोसेसरच्या कोणत्या खास सूचना वापरायच्या ते पॅकेजेसना सांगणारी यादी) हे दुसरं बटण विसरू नका. ते लॅपटॉपवरून भरलं असेल तर '-मार्च' सुधारूनही काही पॅकेजेस मरतील. कर्नल मेक-डॉट-कॉन्फ बघत नाही, त्याचं प्रोसेसर फॅमिलीचं कलम वेगळं तपासा.

माझं मत विचाराल तर वाचनालयाच्या यंत्रासाठी एवढी घासाघीस नकोच. '-ओ2' (कंपायलरची नेहमीची वेगवाढ) पुरे. एफएफएमपेग, ओपन-एसएसएल, जीलिबसी यांच्यासारखी मंडळी प्रोग्रॅम चालतानाच प्रोसेसर ओळखून योग्य वाट धरतात, म्हणजे जिथं वेग खरा लागतो तिथला बराचसा तसाच मिळतो. '-ओफास्ट' (सगळ्यात आक्रमक वेगवाढ) सगळ्या सिस्टिमला तर अजिबात लावू नका, त्याने आकडेमोडीचे नियम सैल होतात. रात्रंदिवस व्हिडिओ एन्कोड करणाऱ्याचा अनुभव वेगळा असू शकतो, मी लॅबच्या आणि ऑफिसच्या यंत्रांपुरतं बोलतोय.

बांधताना '-जे' चा (एकावेळी किती कामं चालवायची त्याचा) आकडा कोअर मोजून ठेवू नका. एका कामाला 2 जीबी रॅम धरा, नाहीतर मोठी सी++ पॅकेजेस मध्येच मारली जातील, आणि तेव्हा मात्र दोष रॅमचाच, पण कमी असल्याचा.

वाचनालयाच्या यंत्रावर लाइव्ह यूएसबी लावून प्रॉक-सीपीयूइन्फोमधली (प्रोसेसरची माहिती देणाऱ्या फाइलमधली) फ्लॅग्जची ओळ अख्खी इथं टाका. नुसतं नाव नको. संध्याकाळी बघून काय द्यायचं ते सांगतो.